पेर्गाऊ धरणाचा हिशेब

परदेशाला दिलेली मदत म्हणजे दानधर्म, आणि दानाचा हिशेब मागू नये, अशी एक सोज्ज्वळ समजूत आढळते. वर्गणीची पावतीपुस्तके तपासण्यात ज्यांची उमर गेली, त्या आम्हां युनियनवाल्यांना ती कधीच पटली नाही. मंत्री दान करतो ते रयतेच्या पैशातून. ब्रिटिश पार्लमेंटाने अशा दानाचा हिशेब एकदा मागितला, त्याची ही हकीकत.

मार्च १९८८ मध्ये संरक्षणमंत्री जॉर्ज यंगर यांनी मलेशियाशी एक करारनामा केला. मलेशियाने ब्रिटिश शस्त्रे घ्यावीत, आणि त्या रकमेच्या २० टक्क्यांइतकी मदत ब्रिटनने द्यावी! पुढे हा दुवा पत्र लिहून मागे घेण्यात आला. पण मदतीचे आश्वासन राहिलेच. मालकाने बोनसाचा शब्द मागे घेऊन 'बक्षीस' द्यावे, त्यातला हा प्रकार. मार्च १९८९ मध्ये थॅचरबाईंनी केलांतान राज्यातील पेर्गाऊ जलविद्युत् प्रकल्पासाठी मदत देऊ केली, आणि थोड्याच दिवसांत ठेकेदारांनी किंमत ३१ कोटी ६० लक्ष पौंडांवरून ३९ कोटी ७० लक्षांवर नेली.

आता मदतखात्याचे सचिव सर टिम लँकेस्टर यांच्याकडे वळू. तिकडे खात्याचा सचिव हा खर्चाबद्दल पार्लमेंटाला जातीने जबाबदार असतो. खर्च अयोग्य वाटला, तर तो मंत्र्याकडे लेखी हुकूम मागतो. तो मिळाला की पैसे देतो, पण जबाबदारी मंत्र्याच्या माथी जाते. वायूवर चालणारी वीज स्वस्त पडली असती, हे धरण आतबट्ट्याचे आहे, असे लँकेस्टर यांनी १९९१ मध्ये कळविले. परराष्ट्रमंत्री डग्लस हर्ड यांनी लेखी हुकूम दिला. मदत २३ कोटी ४० लक्ष पौंडांची ठरली.

ही नापसंती बाहेर फुटायला १९९३ चा ऑक्टोबर उजाडला. महालेखापरीक्षकांच्या अहवालात ती आली, आणि लोकलेखा समितीने लँकेस्टर यांना समोर बसवून प्रश्न विचारले. ही समिती ग्लॅडस्टनच्या काळातली, १८६१ ची. तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो. (आपल्याकडे ही प्रथा १९६७ मध्ये मिनू मसानींपासून पडली.) शस्त्रांच्या दुव्याचा शोध परराष्ट्रव्यवहार समितीने घेतला. वर्तमानपत्रांतील मजकुराने चिडून महाथीर सरकारने फेब्रुवारी १९९४ मध्ये ब्रिटिश कंपन्यांना सरकारी कंत्राटे बंद केली. ती बंदी सप्टेंबरात उठली.

आमच्या मते समित्यांची मर्यादाही येथेच दिसते. पैसे द्यायचे ठरून गेले होते, नि महाग विजेचा बोजा ज्या मलेशियन ग्राहकावर पडायचा, त्याची बाजू मांडायला त्या टेबलाशी कोणी नव्हते. मदत बेकायदा ठरविली ती कोर्टाने. 'वर्ल्ड डेव्हलपमेंट मूव्हमेंट' या संस्थेने फिर्याद केली. मात्र तिच्या हाती पुरावा होता तो समित्यांनी उघड केलेलाच. नोव्हेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्ती रोझ यांनी निकाल दिला की १९८० च्या कायद्याप्रमाणे मदत विकासासाठीच देता येते, आणि असे तोट्याचे काम त्यात बसत नाही.

धरण झालेच, राहिलेली देणी सरकारने मदतीच्या निधीबाहेरून भागविली. पुढे २००२ च्या कायद्यात विकासाची मदत गरिबी हटविण्यासाठीच असावी, असे कलम घालण्यात आले.