खळ्यावरचे समीकरण: डिचोली-पेडण्यातील अव्यक्त राशीची वाटचाल

गोव्याच्या डिचोली तालुक्यातील कारापूर हे गाव साखळीच्या शेजारी, वाळवंटी नदीच्या परिसरात वसलेले असून विठ्ठलापूरच्या विठ्ठलमंदिरामुळे ते भाविकांना परिचित आहे. गणिताच्या इतिहासात मात्र या गावाचे नाव येत नाही आणि तसे ते येण्याचे कारणही नाही. तरीही, ज्यात एकच संख्या अज्ञात असते आणि एकच क्रिया उलटवली की उत्तर हाती येते, असे साधे समीकरण सामान्य माणसाच्या व्यवहारात कोणत्या रूपाने नांदत होते आणि शाळेत ते अक्षराचे रूप घेऊन कसे अवतरले, हे पाहण्यासाठी विद्येच्या मोठ्या पीठांपेक्षा असा भातशेतीचा मुलूखच अधिक उपयोगी पडतो.

तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तालुके सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले होते. डिचोली आणि सत्तरी मात्र 1781-82 च्या मोहिमांत, तर पेडणे 1788 मध्ये त्यांच्याकडे आले, आणि म्हणूनच या भागाला ‘नव्या काबिजादी’ असे नाव पडले. तोवर हा मुलूख वाडीकर सावंत-भोसल्यांच्या अमलाखाली असल्यामुळे येथील जमाखर्च, खंडाचे हिशेब आणि देवस्थानांच्या वह्या मराठीत, बहुधा मोडी लिपीत लिहिल्या जात, आणि सत्ता बदलल्यानंतरही गावपातळीवरचा हा रिवाज एकदम मोडला नाही. मुलांना अक्षरओळख आणि हिशेब शिकवण्याचे काम गावोगावचे शेणवीमामा करीत. धूळपाटीवर बोटाने आकडे गिरवणे आणि पाढे घोकणे हा त्या शिक्षणाचा कणा होता, व त्यात साध्या पाढ्यांबरोबर पावकी (पावपटीचा पाढा), निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी आणि अडीचकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांना मोठे महत्त्व असे.

या पाढ्यांची नेहमी थट्टा केली जाते, पण ती करणारे एक गोष्ट विसरतात. सोळाची पाऊणपट बारा होते हे ज्याला पाठ आहे, त्याला ‘कोणत्या संख्येची पाऊणपट बारा?’ असे विचारल्यास तो क्षणात सोळा म्हणतो, म्हणजे पाढा उलटा वाचून समीकरण सोडवतो. भाताच्या वाटणीत तर हा प्रश्न दरवर्षी उभा राहत असे. गोव्यात भात कुडवाने मोजले जाई आणि 20 कुडवांची एक खंडी होई. समजा, अर्धेलीने, म्हणजे पिकाचा निम्मा वाटा देण्याच्या कराराने, कसलेल्या शेतातून भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) कोठारात 7 खंडी 10 कुडव भात आले, आणि खळ्यावर एकूण किती पडले हे त्याला जाणून घ्यायचे आहे. आलेल्या भाताचे 150 कुडव होतात. वाटणीत जे निम्मे झाले ते उलट दुप्पट केले की 300 कुडव, म्हणजे 15 खंडी, असे उत्तर मिळते. येथे ना अक्षर आहे ना बरोबरीचे चिन्ह. तरी जे घडले ते समीकरण सोडवणेच होय.

शास्त्रात या रीतीला नाव होते. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास रचलेल्या ‘लीलावती’त विलोमविधी किंवा व्यस्तविधी सांगितला आहे: शेवटी आलेल्या ‘दृश्य’ राशीपासून मागे चालत जावे, गुणकाचा भाजक आणि भाजकाचा गुणक करावा, मिळवले असेल ते वजा करावे. त्याच ग्रंथातील इष्टकर्मात एखादी सोयीची संख्या गृहीत धरून त्रैराशिकाने खरी संख्या काढली जाते. भास्कराचार्यांनी अशा व्यक्तगणिताहून अव्यक्तगणित, म्हणजे बीजगणित, वेगळे मानले आणि त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हटले असून तिच्यासाठी ‘या’ हे आद्याक्षर वापरले आहे. समीकरणाच्या दोन बाजू हे दोन ‘पक्ष’, आणि दोन्ही पक्षांतून सारखीच राशी वजा करणे हे समशोधन.

या ग्रंथकाराविषयीचा एक मोठा पुरावा उजेडात आणला तो मूळच्या पेडणे तालुक्यातील मांद्रे गावच्या माणसाने, हे येथे मुद्दाम नोंदवले पाहिजे. मुंबईत वैद्यकी करणारे डॉ. भाऊ दाजी लाड यांनी 1865 मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात चाळीसगावजवळच्या पाटण येथील 1207 च्या शिलालेखाची माहिती दिली. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे त्या लेखात सांगितले असून त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात बाजारातील कोणते देणे मठाला द्यावे हे लिहिले आहे.

तथापि खळ्यावरच्या रीतीची मर्यादाही ओळखली पाहिजे. ‘बीजगणिता’तील एका प्रसिद्ध उदाहरणात एकाजवळ 300 रूपे आणि सहा घोडे आहेत, दुसऱ्याजवळ दहा घोडे आहेत पण 100 रूपे कर्ज आहे, आणि दोघांची मालमत्ता सारखी आहे. येथे अज्ञात किंमत दोन्ही पक्षांत असल्यामुळे मागे चालत जाण्यासाठी दृश्य राशीच उरत नाही. समशोधन केल्यावर चार घोड्यांचे 400, म्हणजे एका घोड्याचे 100, असे उत्तर येते. अक्षराची गरज खऱ्या अर्थाने या ठिकाणी भासते.

ते अक्षर डिचोलीत पोर्तुगीज शाळेच्या वाटेने आले, आणि फार उशिरा व फार थोड्यांपर्यंत आले. पेद्रो नुनिश या पोर्तुगीज गणितज्ञाचा बीजगणितावरचा ग्रंथ 1567 मध्येच अँटवर्प येथे छापला गेला होता. पण राज्यकर्त्यांच्या देशातील ही विद्या आणि गोव्यातील शेतकऱ्याचे मूल यांची गाठ पडण्यास जवळजवळ तीन शतके लागली. पणजीत 1841 मध्ये गणित व सैनिकी शिक्षणाची शाळा स्थापन होऊन 1871 मध्ये बंद पडली, आणि 1854 मध्ये लिसेव हे माध्यमिक विद्यालय सुरू झाले. परंतु शिक्षणाची भाषा पोर्तुगीज असल्यामुळे कारापूरसारख्या गावातील कुळाच्या मुलाला तेथवर पोहोचणे दुरापास्तच होते. 1910 च्या प्रजासत्ताकानंतर हिंदूंवरील निर्बंध सैल झाले आणि खाजगी मराठी शाळा वाढल्या, तरी त्यांतील बहुतेकांचा भर लेखन, वाचन आणि अंकगणितावरच राहिला.

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या वर्षांत सरकारने एक समीकरण मात्र घरोघर पोहोचवले: जुन्या रुपयाऐवजी एस्कुदो हे चलन आले आणि एका रुपयाला सहा एस्कुदो असा दर ठरला. 90 एस्कुदो हाती पडल्यावर ‘हे जुने किती?’ असे विचारणारा माणूस 6क्ष = 90 हेच समीकरण मांडत होता आणि सहाच्या पाढ्यावरून पंधरा रुपये हे उत्तर काढत होता.

1961 च्या मुक्तीनंतर मराठी प्राथमिक शाळा गावोगावी निघाल्या. बीजगणित मात्र प्राथमिक शाळेत नसते. ते त्यापुढे येते, आणि गोव्यातील बहुतेक शाळांत पाचवीपासून माध्यम इंग्रजी होते. त्यामुळे या भागातील बहुसंख्य मुलांना समीकरण आधी संस्कृतात, मग पोर्तुगीजमध्ये आणि आता इंग्रजीत बंद राहिलेले दिसते, आणि ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हा नियम कारणावाचून पाठ करावा लागतो. शिक्षकांनी हा धडा सुरू करताना पहिले काही तास अक्षर बाजूला ठेवून खंडी, कुडव आणि निमकी यांवर, मुलांच्या घरच्या भाषेत घालवावेत. क्ष त्यानंतर फळ्यावर लिहावा.