उंबरठ्यावरचे पथ्य

सन १८७० च्या सप्टेंबर महिन्यात प्रशियाच्या फौजांनी पॅरिस शहरास वेढा घातला आणि पुढील जानेवारीच्या अखेरीपर्यंत तो उठला नाही. खवय्यांच्या त्या राजधानीवर ह्या चार महिन्यांत जे दिवस आले, त्यांची वर्णने पुष्कळांच्या वाचनात आली असतील. घोडे कापून झाले, मांजरे व उंदीर बाजारात विकावयास आले, आणि प्राणिसंग्रहालयातील हत्तीदेखील अखेर खाटकाच्या दुकानी गेले. पाव मोजून मिळू लागला. लोणी सामान्य माणसाच्या आवाक्यापलीकडे गेले. अशा त्या हलाखीत आपोलिनेर बूशार्दा नावाच्या एका वैद्यकशास्त्रज्ञास मात्र एक विलक्षण गोष्ट आढळून आली. त्यांच्या मधुमेही रोग्यांच्या मूत्रातून जी साखर औषधांनी हटत नव्हती, ती उपासमारीने नाहीशी झाली होती!

बूशार्दा हे मूळचे औषधनिर्माते व पुढे पॅरिस येथे आरोग्यशास्त्राचे अध्यापक. वेढ्याच्या आधीपासूनच ते मधुमेह्यांस पिठूळ व गोड पदार्थ वर्ज्य करण्यास सांगत असत. वेढ्याने त्यांच्या मतास जणू एका अख्ख्या शहराची साक्ष मिळवून दिली. सन १८७५ मध्ये त्यांनी आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. होईल तितके कमी खावे, पाव व बटाटे सोडावे, हिरव्या भाज्या घ्याव्या, रोज आपले मूत्र तपासावे, आणि अंगास घाम येईपर्यंत श्रम करावे, असा त्यांच्या उपदेशाचा मथितार्थ होता. एका रोग्याने थोडासा पाव खाण्याची परवानगी मागितली, तेव्हा भाकर मिळवावयाची तर ती कपाळाच्या घामानेच मिळवली पाहिजे, असे त्यांनी त्यास ऐकविले म्हणतात. रोग्याचा हात धरून त्यास स्वतःच्या आजाराचा पहारेकरी करणारा हा पाश्चात्त्य वैद्यकातील पहिल्या थोड्या पुरुषांपैकी एक होय.

पाश्चात्त्य वैद्यकातील, असे मुद्दाम म्हणावयाचे कारण उघड आहे. ह्या रोगाचा विचार भरतखंडात फार पूर्वी झाला होता. चरक व सुश्रुत ह्यांच्या संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार वर्णिले असून मधुमेह हा त्यांतील एक आहे. बसण्याचे व झोपेचे सुख, दही, दूध, नवे धान्य आणि गुळापासून केलेले पदार्थ ही चरकाने सांगितलेली कारणे. (गूळ निरुपद्रवी समजून साखरेऐवजी तो सढळ हाताने वापरणाऱ्यांनी हे वाक्य मूळ ग्रंथात अवश्य पाहावे.) खाण्याची हाव असलेल्या आणि स्नानाचा व चालण्याचा कंटाळा करणाऱ्या मनुष्याकडे प्रमेह कसा येतो, तर घरटे असलेल्या वृक्षाकडे पक्षी यावे तसा, अशी एक उपमाही त्याच संहितेत आहे.

परंतु आजच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कल्पना आहे ती ‘पूर्वरूपा’ची. रोग पुरता प्रकट होण्यापूर्वी तो आपल्या येण्याची वर्दी देतो. तोंडास गोडी येते, हातापायांची आग होते किंवा ते बधिर होतात, घशास कोरड पडते, आळस वाढतो, आणि मूत्राकडे मुंग्या धावतात. ह्याच अवस्थेत सुश्रुताने अपतर्पण, म्हणजे आहाराची काटछाट, सांगितली आहे. ज्या स्थितीस हल्लीचे डॉक्टर ‘प्रीडायबेटीस’ म्हणतात ती आणि हे पूर्वरूप तंतोतंत एक नव्हे, कारण आजच्या पूर्वावस्थेत बहुधा कोणतेच लक्षण नसते व केवळ रक्ताची परीक्षाच ती सांगते. तथापि उंबरठ्यावरच रोगास गाठावे, हा विचार दोहोंकडे एकच आहे.

सुश्रुताची चिकित्सा तर वाचण्यासारखी आहे. निर्धन रोग्याने जोडे व छत्री न घेता, भिक्षान्नावर राहून, एका गावी एकाहून अधिक रात्र न काढता, शंभर योजने चालावे. धनवंताने सावा व देवभात ह्यांसारख्या तृणधान्यांवर आणि आवळा, कवठ अशा फळांवर राहावे, गाईंबरोबर हिंडावे. कोणी शेत नांगरावे, कोणी विहीर खणावी. आणि एवढे सांगून झाल्यावर तो एक लहानसे वाक्य घालतो की, रोगी कृश असेल तर मात्र त्याचे सतत रक्षण करावे. जन्मजात प्रमेहाचा रोगी सडपातळ व तहानेने व्याकूळ, तर अपथ्याने जडलेल्या प्रमेहाचा रोगी स्थूल, खादाड व अंथरुणप्रिय, हा भेद त्याने आधीच केलेला होता. दोघांचे पथ्य एक असू शकत नाही, हे त्या लहानशा वाक्यातील शहाणपण युरोप-अमेरिकेस उमगण्यापूर्वी तेथे कित्येक रोग्यांचे हाल व्हावयाचे होते.

युरोपात सन १६७४ मध्ये टॉमस विलिस ह्या इंग्रज वैद्याने अशा मूत्राची गोडी नोंदविली, पण ती गोडी साखरेचीच, हे सिद्ध करण्याचे श्रेय लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन ह्यांचे. सन १७७६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी स्वयंपाकघरातला वाटावा असा होता. रोग्याचे मूत्र मंद आचेवर आटविले. तळाशी पांढरट, रवाळ, बोटांनी सहज चुरा होणारी वडी उरली. तिची चव साखरेहून वेगळी ओळखू येईना. रक्ताच्या द्रवातही त्यांस गोडी लागली. तेव्हा रोग मूत्रपिंडाचा नव्हे, सबंध शरीराच्या पोषणाचा आहे, हे दिसू लागले.

त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी, तोफखान्याचे शल्यवैद्य जॉन रोलो ह्यांनी मेरिडिथ नावाच्या एका स्थूल कप्तानावर उपचार केले. साखर वनस्पतिजन्य अन्नातून येते, तर वनस्पतिजन्य अन्नच जवळजवळ बंद करावे, असा त्यांचा तर्क. सन १७९७ च्या त्यांच्या पुस्तकात दिलेला आहार म्हणजे रक्त व चरबी ह्यांचे सांडगेवजा गोळे, जुने मांस, आणि पोटास सोसेल तितकी खवट चरबी! कप्तान बरा झाला खरा. परंतु असे ताट किती जणांस किती दिवस रुचावे? पुढील शंभर वर्षे ह्या आहाराच्या निरनिराळ्या आवृत्त्या निघाल्या आणि त्या सर्वांत एक अडचण कायम राहिली. रोगी चोरून खात असत.

ह्या मार्गाचा अगदी शेवटचा मुक्काम म्हणजे न्यूयॉर्कचे फ्रेडरिक ॲलन. साखर मूत्रातून जाईपर्यंत पूर्ण लंघन आणि मग जगण्यापुरते अन्न, भाज्यादेखील तीन तीन वेळा पाणी बदलून उकडलेल्या, असा त्यांचा क्रम होता. सन १९१९ च्या त्यांच्या ग्रंथात बारा वर्षांच्या एका अंध मुलाची हकीकत आहे. त्याच्या मूत्रात पुन्हा साखर दिसू लागली. कोंडून ठेवलेल्या मुलास अन्न मिळते कोठून, हे कोणास कळेना. शेवटी उलगडा झाला की, तो दात घासण्याची पेस्ट आणि पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याचे दाणे खात होता. तो मुलगा जगला नाही. ॲलन निर्दय होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, कारण त्या काळी दुसरा उपायच नव्हता, आणि लंघनाने मिळालेले एकेक वर्ष काहींना खरोखरच तारून गेले. एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी सन १९२२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडातील टोरोंटो येथे पोहोचली, तेव्हा जवळजवळ पंधरा वर्षांच्या ह्या मुलीचे वजन केवळ ४५ पौंड होते. परंतु ती जिवंत होती, आणि तेथे बँटिंग ह्यांच्या हाती इन्सुलिन आलेले होते. ती त्यानंतर सन १९८१ पर्यंत जगली. पुढे सन १९३६ मध्ये हिम्सवर्थ ह्यांनी इन्सुलिनास दाद देणारा व न देणारा असे मधुमेहाचे दोन वर्ग दाखविले, आणि सुश्रुताचा कृश व स्थूल हा भेद नव्या शास्त्रात नव्या पुराव्यानिशी पुन्हा उभा राहिला.

साखरेची कथा येथवर आली असता स्निग्ध पदार्थांची कथा निराळ्याच वाटेने चालली होती. पित्ताशयातील खड्यांत सापडणाऱ्या मेणचट द्रव्यास फ्रेंच रसायनज्ञ शेव्ह्रल ह्यांनी पित्त व घन ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून नाव दिले. तेच आजचे कोलेस्टेरॉल. सन १९१३ मध्ये रशियातील अनिच्कॉव्ह ह्यांनी ते सूर्यफुलाच्या तेलात विरघळवून सशांस चारले आणि त्यांच्या रोहिण्या आतून लिंपल्या गेलेल्या दाखविल्या. ससा हा तृणभक्षक प्राणी, कुत्र्यांवर तसा परिणाम होत नाही, म्हणून पुष्कळांनी ह्या प्रयोगाकडे काणाडोळा केला. मग आले दुसरे महायुद्ध. जर्मनांनी व्यापलेल्या नॉर्वेत लोणी, मांस व अंडी ह्यांचा तुटवडा पडला, आणि रक्ताभिसरणाच्या रोगांनी होणारे मृत्यू घटले. युद्ध संपताच ते पुन्हा चढले. ही हकीकत सन १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली. पॅरिसच्या वेढ्याचेच हे दुसरे रूप होय. अर्थात अशा काळात माणसे पुष्कळ चालतात, तंबाखूही कमी मिळते, म्हणून सारे श्रेय अन्नास देता येत नाही. पुढे सन १९५८ पासून अमेरिकेच्या अँसेल कीज ह्यांनी सात देशांतील आहार व हृद्रोग ह्यांचा जो अभ्यास चालविला, त्याने संपृक्त चरबीकडे सर्वांचे लक्ष वळविले.

येथे एक पेच पडला, आणि ज्यास साखर व कोलेस्टेरॉल ह्या दोहोंची ताकीद एकाच दिवशी मिळते, त्या गृहस्थास तो आजही पडतो. रोलोचा मार्ग म्हणतो, धान्य सोड व चरबी खा. कीजचा मार्ग म्हणतो, चरबी सोड व धान्य खा. दोघांचेही अक्षरशः ऐकावे तर ताटात राहते काय? सन १९७७ नंतर अमेरिकेत चरबी कमी करण्याचा सरकारी उपदेश झाला, तेव्हा कारखानदारांनी बिस्किटांतील चरबी काढली आणि मैदा व साखर वाढविली. आपल्याकडील चूक ह्याहून वेगळी होती. सन १९३७ पासून डालडा ह्या नावाने वनस्पती तूप घरोघरी पोहोचले. ते तुपाहून स्वस्त आणि वनस्पतीचे म्हणून सात्त्विक समजले गेले. तेल गोठविण्याच्या क्रियेत जो ‘ट्रान्स’ जातीचा स्निग्धांश उत्पन्न होतो, तो रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितो व हितकारक घटवितो, हे सन १९९० मध्ये हॉलंडात सिद्ध झाले. भारतात त्याची मर्यादा शेकडा दोन इतकी खाली येण्यास सन २०२२ उजाडले.

पेचातून वाट दाखविणाऱ्यांत टोरोंटोचे डेव्हिड जेंकिन्स ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. सन १९८१ मध्ये त्यांनी निरनिराळी धान्ये रक्तातील साखर किती वेगाने चढवितात ह्याचे मोजमाप मांडले. पांढरा पाव व डाळी दोन्ही पिष्टमयच, परंतु एकाने साखर उसळी घेते, तर दुसरीने ती हळूहळू चढते. सन २००३ मध्ये त्याच संशोधकांनी जव, ओट, इसबगोल, सोयाबीन, बदाम, वांगी व भेंडी ह्यांवर भर देऊन ४६ स्त्रीपुरुषांस महिनाभर ठरीव आहार दिला. अपायकारक कोलेस्टेरॉल शेकडा २८ च्या वर उतरले. औषध घेणाऱ्या गटात ते शेकडा ३१ उतरले होते. घरी स्वतःच्या हाताने पथ्य करणाऱ्यांस पुढे इतके यश लाभले नाही, शेकडा १३ च्या आसपास लाभले, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे एकच ताट दोन्ही दोषांवर चालू शकते. प्रमेह्याचे मुख्य अन्न जव असावे, असे चरकाने लिहून ठेवले होते.

उंबरठ्याची रेषा कोठे ओढावी, हा वाद मात्र अद्याप आहे. उपाशीपोटी रक्तातील साखर ११० मिलिग्रॅमपासून संशयास्पद धरीत. सन २००३ मध्ये अमेरिकन मधुमेह संस्थेने हा आकडा १०० वर आणला, आणि एका रात्रीत लाखो निरोगी माणसे उंबरठ्यावर आली. जागतिक आरोग्य संघटना ११० हाच आकडा मानीत आली आहे. भारतात सन २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशांची संख्या १३ कोटी ६० लाख अंदाजिली गेली.

भारतीयांचा शरीरधर्मही थोडा निराळा आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन ह्यांचे एकत्र छायाचित्र सन २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापले गेले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, निर्देशांक २२.३, परंतु अंगातील मेद युडकिन ह्यांचा शेकडा ९.१ आणि याज्ञिक ह्यांचा शेकडा २१.२. दिसावयास सडपातळ असलेला भारतीय आतून सडपातळ असतोच असे नाही. त्यामुळे केवळ वजनाच्या काट्यावर विसंबणे येथे धोक्याचे ठरते. चेन्नई येथे ५३१ जणांवर झालेल्या प्रयोगात, ज्याचा वृत्तांत सन २००६ मध्ये आला, गोड व मैद्याचे पदार्थ आणि तेलतूप कमी करून रोज अर्धा तास झपाट्याने चालावयास लावले होते. त्यांचे सरासरी वजन फारसे उतरले नाही, तरीही मधुमेह होण्याचे प्रमाण शेकडा २८ ने घटले. फिनलंड व अमेरिकेत, जेथे वजनही उतरले, ते शेकडा ५८ ने घटले होते.

ह्या सर्व प्रयोगांत वडीलकीचा मान चीनमधील दाचिंग ह्या तेलखाणींच्या शहराकडे जातो. सन १९८६ मध्ये तेथील ५७७ उंबरठ्यावरील माणसांवर हा प्रयोग सुरू झाला. कोणास आहार, कोणास व्यायाम, कोणास दोन्ही, आणि काहींस नुसती नेहमीची माहिती देण्यात आली. सहा वर्षांनी प्रयोग संपला व माणसे आपापल्या घरी गेली. तीस वर्षांनंतर त्यांचा पुन्हा शोध घेतला गेला. पथ्य केलेल्यांतही पुष्कळांस अखेर मधुमेह झालाच. पण तो सरासरी चार वर्षे उशिरा झाला, त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघात कमी आढळले, आणि त्यांस आयुष्य सुमारे दीड वर्ष अधिक लाभले.