सेवा आणि विसावा : चांद्याचे नेहम्या गोरे

आजच्या चंद्रपूरचें जुनें नांव चांदा. १९८२ सालीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. तोंपर्यंत वैनगंगेपलीकडचें अरण्यही याच जिल्ह्यांत मोडत असे. गोंड राजांच्या परकोटांतील या गांवीं आगगाडी पोहोंचण्यापूर्वीं, १८७० नंतरच्या वर्षांत, नेहम्या नीळकंठ गोरे यांनीं स्कॉटलंडच्या एपिस्कोपल मंडळीच्या मिशनमध्यें कांहीं काळ काम केलें. ख्रिस्ती मनुष्यानें किती राबावें आणि किती वेळ देवापाशीं स्वस्थ बसावें, हा जुना प्रश्न त्यांच्या चरित्रांत स्पष्ट दिसतो.

गोरे १८२५ सालीं जन्मले, काशीस वाढले व संस्कृत शास्त्रांत निष्णात झाले. तरुणपणीं ख्रिस्ती मताच्या खंडनासाठीं त्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ रचिला. पुढें त्या वादांतूनच त्यांचें मन पालटलें आणि १८४८ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. १८६० सालीं त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. १८७० सालीं ते धर्मोपदेशक झाले. वाद, लेखन व उपदेश यांचा व्याप असा वाढत होता. परंतु अंतःकरणाची ओढ एकांताकडे व प्रार्थनेकडे होती.

प्रार्थनेचा मठ आणि प्रचाराचें कार्य यांची सांगड घालणारा एक संघ रिचर्ड बेन्सन यांनीं १८६६ सालीं ऑक्सफर्डजवळ काउली येथें स्थापिला होता. १८७६ सालीं गोरे त्यांत उमेदवार म्हणून दाखल झाले. मात्र अखेरची शपथ त्यांनीं कधींच घेतली नाहीं. १८९५ सालीं मुंबईस ते निवर्तले, तेही उमेदवार म्हणूनच.

याला अपयश म्हणावें काय? मार्काच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय येथें उपयोगी पडतो. थकलेल्या शिष्यांना येशू एकांतीं नेतो. लोक तेथेंही येऊन पोहोंचतात. तो त्यांना परत लावीत नाहीं, शिकवितो व जेवूं घालतो; आणि मग प्रार्थनेसाठीं एकटाच डोंगरावर जातो. विसावा मोडतो, पण सोडला जात नाहीं. गोऱ्यांचें आयुष्य याच चालीचें होतें. त्या काळांत त्यांनीं केलेल्या लेखनाचा पंडिता रमाबाईंच्या विचारावर परिणाम झाला. १८८३ सालीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला.

याची किंमतही सांगितली पाहिजे. त्यांची कन्या एलन लक्ष्मी लहानपणींच मातेस अंतरली व दुसऱ्यांच्या घरीं, पुढें इंग्लंडांत, वाढली. १८८० सालीं ती हिंदुस्थानांत परतली. देवाच्या सान्निध्यांतील विसाव्यावर तिनें रचिलेलें इंग्रजी गीत देशोदेशींच्या मंडळ्यांतून गाइलें गेलें. परंतु तिचें स्वतःचें आयुष्य रुग्णसेवेंत व अनाथ मुलींच्या संगोपनांत गेलें. १९३७ सालीं तिचा अंत झाला.

पित्यानें सेवेंत असतांना विसावा शोधिला. कन्येनें विसाव्याचें गीत गाऊन सेवा केली. बेथानीच्या मार्था आणि मरीया एकाच घरांत राहत होत्या, हें या दोन चरित्रांवरून ध्यानांत येतें. पूर्वीं शेतकरी विहिरीवर मोट चालवीत असे, तेव्हां रिकामी मोट आंत सोडण्याचा वेळ तो वायां गेला असें मानीत नसे.