अक्षर आणि त्याचा आकार

आज एका अभियंत्याविषयी बोलणार आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याने ते का बोलावं, हे पुढे येईलच.

मोहन तांबे यांच्या कामाची सुरुवात आयआयटी कानपूरला झाली. तिथे प्रा. आर. एम. के. सिन्हा देवनागरी संगणकावर काम करत होते. १९८३ साली दिल्लीच्या विश्व हिंदी संमेलनात तो संगणक लोकांना दाखवला गेला. पुढे त्यातूनच जिस्ट तंत्रज्ञान आलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि हे काम तिथे आलं. पीसीत जिस्टचं कार्ड बसवलं की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्रॅममध्येही मराठी उमटायचं.

पण खरा प्रश्न वेगळाच होता, बरं का. संगणकात साठवायचं काय? टाइपरायटरवर 'कि' काढायचा तर वेलांटी आधी मारायची, मग 'क'. कारण कागदावर ती आधी दिसते. बाजारातले बरेच फॉन्ट याच वाटेने गेले. अर्धा क, काना, रफार, प्रत्येक तुकड्याला इंग्रजी अक्षराची जागा. डोळ्याला मराठी दिसायचं, संगणकाच्या लेखी मात्र तो निव्वळ गचाळ इंग्रजी मजकूर. त्यात शोध घेता येईना, अकारविल्हे लावता येईना.

तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलट धरलं: उच्चाराच्या क्रमाने वर्ण साठवायचे, आकार यंत्राने घडवायचा. आधी 'क', मग वेलांटी. इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या; 'क'च्याच कळीवर शिफ्ट दाबून 'ख'. आपली वर्णमालाच आहे ती! ब्राह्मीतून आलेल्या लिपींना सांकेतिक जागाही सामाईक दिल्या. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हे मानक म्हणून स्वीकारलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावरूनच घेतली आहे. या सामाईकपणावर तमिळ भाषकांची तक्रार आहे. त्यांच्या लिपीत महाप्राण व्यंजनांना स्वतंत्र अक्षरंच नाहीत. मला ती रास्त वाटते.

भर्तृहरी स्फोट आणि ध्वनी यांत भेद करतो. ऐकू येणारा ध्वनी माणसागणिक बदलतो, शब्द तोच राहतो. इथे ध्वनीच्या जागी आकार ठेवून बघा. ही तुलना माझी आहे, त्या मंडळींच्या माथी मारू नका.

यात माझाही स्वार्थ आहे. नव्वदच्या दशकात माझी टिपणं एकाने अशाच आकारवाल्या फॉन्टमध्ये टंकून दिली. फाइल आजही उघडते. फॉन्ट मात्र कुठे मिळत नाही, आणि पडद्यावर स्वल्पविराम, कंस नि रोमन अक्षरांची रांग दिसते. छापील प्रत होती म्हणून अर्धं वाचलं.

आता मराठीची एक गंमत. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' डोंगरातल्या. हिंदीला या दुसऱ्या 'र'ची गरज नाही. तो साठवायला दाक्षिणात्य लिपींतल्या कठोर 'र'साठी राखलेली जागा कामी आली. त्यामुळे आज मोबाइलवर 'दऱ्या' शोधलं तर समुद्र सापडत नाही.