मेण : वेदीवरचे आणि घरातले

संस्कृतात मेणाला 'मधूच्छिष्ट' असे एक नाव आहे. मध काढून घेतल्यावर मागे उरते ते. शतकानुशतके मेण म्हणजे मधमाशीचेच मेण होते. हल्ली नाताळच्या सुमारास काही घरांत काचेच्या पेल्यांमध्ये सोयाबीनच्या मेणाच्या मेणबत्त्या ओतल्या जातात. पोळ्यापासून शेंगेपर्यंतचा हा प्रवास केवळ पदार्थांचा नाही; स्वच्छ उजेड कोणाच्या वाट्याला आला, याचाही तो इतिहास आहे.

मध्ययुगीन युरोपात मधमाशीचे मेण महाग होते. ते निर्मळ जळे, त्याला मंद सुगंध असे. म्हणून ख्रिस्तसभेने वेदीसाठी तेच पसंत केले. सामान्यांच्या घरात मात्र गुराढोरांच्या चरबीची मेणबत्ती जळे. तिचा धूर होई, दर्प पसरे आणि काजळलेली वात सारखी कातरावी लागे. लंडनमध्ये तर कारागिरांचे संघही वेगळे होते. चरबीवाल्यांना १४६२ साली राजसनद मिळाली, तर मेणवाल्यांना १४८४ साली. एकाच उजेडाच्या अशा दोन जाती झाल्या.

पुढे १७०९ साली इंग्लंडने मेणबत्तीवर कर बसविला आणि परवान्याशिवाय घरी मेणबत्त्या करण्यास बंदी घातली. हा कर १८३१ साली उठला. तोवर खेड्यातील गरीब लव्हाळ्याचा गाभा चरबीत बुडवून त्याच्या काड्या जाळीत. गिल्बर्ट व्हाइट या निसर्गप्रेमी धर्मोपदेशकाने आपल्या १७८९ सालच्या ग्रंथात त्याचा हिशेब मांडला आहे. अर्ध्या पेनीच्या काड्या अकरा तास उजेड देत. तेवढ्याच पैशांची विकतची मेणबत्ती वाऱ्याच्या झोपडीत जेमतेम दोन तास टिके. तरीही अगदी गरीब लोक रोज संध्याकाळी ती मेणबत्तीच विकत घेत, असे तो नोंदवितो. ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्यालाच उजेड सर्वांत महाग पडत होता.

ही कोंडी रसायनशास्त्राने फोडली. फ्रान्सच्या मिशेल शेव्ह्रल यांनी १८२३ साली चरबीच्या घटकांवरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. चरबीतून 'स्टिअरिन' हा कठीण भाग वेगळा काढता येऊ लागला आणि १८२५ साली त्याच्या मेणबत्त्यांचे पेटंट घेण्यात आले. त्याच सुमारास विणलेली वात आली. ती जळताना आपोआप वाकून राख होई, त्यामुळे कातरण्याची कटकट संपली. १८५० साली स्कॉटलंडच्या जेम्स यंग यांनी दगडी कोळशापासून पॅराफिन मिळविण्याचे पेटंट घेतले. नंतर ते खनिज तेलापासून मुबलक निघू लागले. स्वच्छ ज्योत गरिबाच्या घरी पोचली. वांद्र्याच्या मोतमाऊलीच्या जत्रेत हात, पाय, घर अशा आकारांची मेणाची अर्पणे वाहिली जातात. स्वस्त मेणामुळे असा नवस साध्या कुटुंबाच्याही आवाक्यात आला.

सोयाबीनचे मेण मात्र स्वयंपाकघराच्या वाटेने आले. १९०२ साली जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मान यांनी पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याचे पेटंट घेतले. अमेरिकेत १८३७ साली एक मेणबत्तीवाला आणि एक साबणवाला यांनी मिळून प्रॉक्टर अँड गॅम्बल ही कंपनी काढली होती. विजेच्या दिव्याने मेणबत्तीचा धंदा ओसरला, तेव्हा याच कंपनीने १९११ साली सरकीचे तेल घट्ट करून 'क्रिस्को' हे स्वयंपाकाचे स्निग्ध बाजारात आणले. आपल्याकडे १९३७ साली आलेला डालडा याच विद्येचा. ज्या डब्यातून आपल्या आजीने नाताळच्या करंज्या तळल्या, त्या डब्यातला पदार्थ आणि आजचे सोयामेण ही एकाच कुळातली. १९९०च्या दशकाच्या आरंभी आयोवा राज्यातील मायकेल रिचर्ड्स यांनी महागड्या मधमाशीच्या मेणाला पर्याय शोधताना सोयाबीनच्या तेलाकडे लक्ष वळविले आणि मेणबत्तीची विद्या मेणबत्तीकडे परतली. सोयाबीन तर आपल्या विदर्भ-मराठवाड्याचेही पीक आहे.

घरची कृती सोपी आहे. एका पातेल्यात पाणी उकळत ठेवावे आणि त्यात दुसरे भांडे बसवून मेणाचे पापुद्रे वितळवावेत. हे मेण साधारण ५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळते आणि मऊ असते. म्हणून ते काचेच्या जाड पेल्यातच ओतावे. सुती वात मधोमध ताठ धरावी व मेण सावकाश निवू द्यावे. पेटविताना वात अर्धा सेंटिमीटरच ठेवावी. लांब वात कोणत्याही मेणात काजळी धरते. मेणाने पेट घेतलाच, तर पाणी न ओतता वर झाकण ठेवावे.

वेदीचा नियमही काळाबरोबर बदलला. १९०४ च्या आदेशानुसार पास्काची मेणबत्ती आणि मिस्सेच्या दोन मेणबत्त्या मुख्यतः मधमाशीच्याच मेणाच्या असाव्या लागत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हे बंधन सैल झाले. पास्काच्या रात्रीच्या लॅटिन स्तुतिगीतात मात्र मधमाशीचे नाव आजही आहे. त्या रात्री एका मोठ्या ज्योतीवरून आपण सारे आपापली लहान मेणबत्ती पेटवितो. पेटलेली ज्योत पाहून मेण माशीचे, खनिजाचे की शेंगेचे, हे सांगता येत नाही. एके काळी ज्या कामासाठी सरकारचा परवाना लागे, ते आज आपल्या चुलीवर एका पातेल्यात होते; गिल्बर्ट व्हाइटच्या शेजाऱ्यांना हे सुख मिळाले नव्हते.