लाकूड, पाणी आणि राळ

बडनेऱ्याहून मुंबईचा समुद्र लोहमार्गाने सुमारे साडेसहाशे किलोमीटर दूर. म्हणून आमच्या विज्ञान मंडळातल्या मुलांनी लाकडी कयाक बांधायची टूम काढली तेव्हा आम्हांला आधी हसूच आले. पण त्यांचा पुढचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. "सर, पट्ट्या चिकटवायच्या कशाने?"

जुन्या सुताराचे उत्तर सोपे होते: सरस. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून केलेला हा सरस कोरड्या खोलीतल्या खुर्चीला पिढ्यान्‌पिढ्या पुरतो, पण पाणी लागले की मऊ पडतो. त्यामुळे नावाडी चिकटवण्याच्या भानगडीत पडतच नसत. पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवत आणि फटी राळ व तेलाने बुजवत. दुधातल्या केसिनपासून केलेला गोंद सरसापेक्षा बरा. दुसऱ्या महायुद्धातले 'मॉस्किटो' हे लाकडी विमान सुरुवातीला त्यानेच जोडत. मात्र उष्ण व दमट प्रदेशांत तो गोंद टिकेना, तेव्हा युरिया-फॉर्माल्डिहाइडचा गोंद आला. त्यालाही एक अट होतीच: सांधा अगदी घट्ट बसलेला हवा. शिकाऊ हातांना हे कुठून जमावे?

इपॉक्सीचा जन्म मात्र गोदीत किंवा विमानाच्या कारखान्यात झाला नाही. १९३०च्या दशकात प्येर कास्ताँ हा स्विस रसायनज्ञ कवळ्यांसाठी चांगली राळ शोधत होता. कवळीचा पदार्थ कठीण होताना आकसला तर ती तोंडात बसणार कशी? त्याला सापडलेली राळ फारच थोडी आकसत असे. दंतवैद्यकात तिला मोठे यश मिळाले नाही, पण बाझेलच्या सीबा कंपनीने तिचे हक्क घेतले आणि १९४६मध्ये ती 'अ‍ॅरल्डाइट' या नावाने लोकांपुढे आली. त्याच सुमारास अमेरिकेत सिल्वन ग्रीनली रंग-रोगणांच्या शोधात जवळपास त्याच ठिकाणी पोहोचला होता.

तिचे मर्म एका लहानशा कड्यात आहे. कार्बनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक यांचे हे तीन कोनांचे कडे ताणलेले असते. हार्डनरमधले अमाइन ते उघडते आणि रेणूंची जाळी विणली जाते. पाणी किंवा वायू बाहेर पडत नाही. म्हणून आकुंचन कमी आणि फट थोडी मोठी असली तरी ती भरून निघते. वर्गात आवर्जून सांगावे असे एक: येथे हार्डनर उत्प्रेरक नाही, तो अभिक्रियेतला भागीदार आहे. पॉलिएस्टर राळेत पेरॉक्साइड थोडे कमीजास्त करून वेग बदलता येतो. इपॉक्सीत जास्त हार्डनर घातल्याने काम लवकर होत नाही, बिघडते.

होडीसाठी ही राळ रुळवण्यात अमेरिकेतल्या गूजन बंधूंचा मोठा वाटा आहे. मिशिगनमध्ये बर्फावरच्या शिडाच्या गाड्या बांधता बांधता त्यांनी १९७०च्या सुमारास लाकडाला इपॉक्सीचा लेप देऊन ओल बाहेर ठेवण्याची पद्धत बसवली. आपल्याकडचे ठळक उदाहरण गोव्याचे. मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही ५६ फुटी शिडाची नौका अशीच झाली: रेड सीडरच्या पट्ट्या, इपॉक्सी आणि काचतंतूंचे कापड. ती २००९मध्ये नौदलाला मिळाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून एकटेच निघाले आणि मे २०१०मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. गंमत अशी की २०२५मध्ये नौदलात आलेले 'कौंडिण्य' हे शिवलेले जहाजही दांडेकरांनीच बांधले. त्याच्या आराखड्याला आधार अजिंठ्यातल्या चित्राचा.

आता आमचे बडनेरा. मे महिन्यात आम्ही पावशेर मिश्रण एका डब्यात कालवले. पाचव्या मिनिटाला डबा हाताला चटका देऊ लागला आणि लगेच धूर निघाला. अभिक्रिया उष्णता देते, उष्णतेने अभिक्रिया वाढते. तापमान दहा अंश चढले की वेग साधारण दुप्पट. म्हणून येथे हार्डनर 'मंद' जातीचा घ्यावा, मिश्रण थोडे थोडे करावे आणि पसरट ताटात ओतावे. लेप संध्याकाळी द्यावा. सकाळी दिला तर लाकडातली हवा तापून फुगते आणि बुडबुडे उठतात. पावसाळ्यात काही हार्डनरांमुळे पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात देऊ नये. आमच्या मते फेब्रुवारी किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. हातमोजे मात्र बाराही महिने हवेत, कारण हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की सुटत नाही.

दुकानातल्या दोन नळ्यांचे अ‍ॅरल्डाइट सांध्याला चांगले, पण कापड भिजवायला फार घट्ट. त्यासाठी पातळ राळच हवी. आणखी एक पाहावे. साध्या तापमानाला कठीण झालेल्या पुष्कळशा राळा पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात, आणि वऱ्हाडी उन्हात गडद रंगाची होडी तेवढी सहज तापते. शिवाय अतिनील किरणांनी इपॉक्सी पिवळी पडून भुकटीसारखी होते. वर ते किरण अडवणारे व्हार्निश किंवा पांढरा रंग हवाच.

मेळघाटचे सागवान हाताशी आहे, पण ते रेड सीडरच्या पावणेदोन पट जड आणि तेलकट. मुलांनी तरीही त्याच्याच दोन पट्ट्या अ‍ॅसिटोनने पुसून चिकटवल्या, आठवडाभर पत्र्यावर तापवल्या, मग रात्रभर बादलीत बुडवल्या. हातोडीने तोडल्यावर पहिल्या तुकड्यात सांधा सुटला. मंद हार्डनरच्या तुकड्यात मात्र लाकूड फाटले.