चिमणी उड

(चिऊ उड, काऊ उड, हिंदी-उर्दूत चिडिया उड). लहान मुलांचा बैठा खेळ. साधन काहीच लागत नाही. राज्य असलेला गडी नावे भराभर पुकारतो. उडणाऱ्याचे नाव आले की बाकीच्यांनी बोट उचलायचे, न उडणाऱ्याचे आले की जागचे हलवायचे नाही. चुकला तो बाद, किंवा त्याच्या हातावर चापट्या.

खेळण्याची रीत : मुले गोल करून बसतात व तर्जनी जमिनीवर टेकवतात. चिमणी, कावळा, पोपट असे तीन-चार पक्षी ओळीने उडवून लय बसवली जाते आणि त्याच लयीत ‘म्हैस उड’ येते. पुकारणारा म्हशीलाही स्वतःचे बोट झोकात उचलतो. हा फसवा इशारा म्हणजे खेळाचा प्राण. बोट उचलणे कुणालाही जमते. उचलू लागलेले बोट आवरणे अवघड, आणि खरी परीक्षा त्याचीच आहे. मानसशास्त्रात आत्मनियंत्रण मोजण्याची एक चाचणी याच धर्तीची असते : वारंवार येणाऱ्या खुणेला बटण दाबायचे, मधूनच येणाऱ्या दुसऱ्या खुणेला हात आवरायचा. विमान आणि पतंग उडतात, म्हणून चालतात. कोंबडी व मोर यांवरून वाद होतात; त्यांचा निकाल जमलेली मुलेच लावतात.

कथेशी नाते : शेणाचे घर पावसात गेलेला कावळा आणि मेणाच्या घरातली चिमणी ही मराठी बालकथेतली जोडी. खेळात पात्रे तीच आहेत, कथानक नाही.

आदिलाबाद (तेलंगणा) : पैनगंगेच्या दक्षिणेकडील या जिल्ह्यात मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी व उर्दू शेजारी नांदतात. किनवट व राजुरा हे पूर्वीचे आदिलाबादचे तालुके १९५६च्या राज्यपुनर्रचनेत मराठी मुलखात आले. अशा मिश्र अंगणात पुकारलेले नाव आधी कळावे लागते : तेलुगूत ‘बर्रे’ म्हटले, तर घरी म्हैस म्हणणारे मूल क्षणभर अडखळणारच.

व्हिडिओ-खेळातील रूप : हुकूम, काही सेकंदांची मुदत आणि एकच हालचाल हा साचा निन्टेंडोच्या ‘वॉरिओवेअर : स्मूथ मूव्ह्ज’ (जपान, २००६) या खेळात आढळतो. ‘वी’ या यंत्रासाठीच्या त्या संचात दोनशेहून अधिक चिमुकले खेळ असून हातातल्या रिमोटमधील त्वरणमापक खेळाडूची हालचाल टिपतो. मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने (२०१०) रिमोटही काढून टाकला. गूगलचे ‘मीडियापाइप’ (२०१९) मोबाइलच्या साध्या कॅमेऱ्यातून हाताचे २१ बिंदू ओळखते. शून्यापासून मोजल्यास तर्जनीचे टोक आठवे. एवढ्यावर ‘चिमणी उड’ पडद्यावर आणता येतो. पेच आहे तो अर्धवट उचलून झटकन खाली घेतलेल्या बोटाचा. अंगणात शेजारच्याची नजर ते पकडते आणि गलका होतो. यंत्राला मात्र किती उचलले म्हणजे ‘उचलले’ याची मर्यादा आधी ठरवून द्यावी लागते. ती फार बारीक ठेवली तर हाताचे साधे कापणेही चूक ठरते, सैल ठेवली तर लबाडी सुटते. शिवाय नुसते पक्ष्याचे चित्र दाखवून भागत नाही. म्हशीला खोटे उचललेले बोटही पडद्यावर दिसायला हवे, नाहीतर उरते ती केवळ प्राण्यांची उजळणी.

जवळचे खेळ : तळ्यात-मळ्यात, शिवाजी म्हणतो.